तारखेवरची माणसं

गेल्या महिन्यात आपल्या वाचनमंडळात भांडण झालं. विषय कोर्टाचा होता. एक मित्र म्हणाला, "कोर्ट त्यांचं, वकील त्यांचे, कायद्याची भाषा त्यांची. सरकारनं न्यायाधीशांचे कान पिळले काय नि न्यायाधीशांनी सरकारला झापलं काय, आपण त्याचं सुतक कशाला पाळायचं?" दुसरा उसळला. म्हणाला, "बाबासाहेबांनी घटना दिली, कोर्ट तिचं राखणदार. कोर्टाला शिवी दिलीस तर ती कुणाला लागते त्याचा विचार कर." दोघं एकमेकांच्या अंगावर जायचे बाकी राहिले. चहा तसाच थंड झाला.

मी गप्प होतो. मी लूमवर उभा राहणारा माणूस. शाळा नववीत सुटली. कायद्यातलं मला काय कळणार असं मलाच वाटत होतं. पण रात्रपाळीला मशीनच्या खडखडाटात आजीचा एक शब्द सारखा कानात वाजत राहिला. मग तीन महिने जमेल तसं वाचलं. जुने निकाल एका ओळखीच्या वकिलाकडून समजून घेतले, डिक्शनरी जवळ ठेवून स्वतः पुन्हा वाचले. हे जे लिहितोय ते त्या दोन मित्रांना दिलेलं उत्तर आहे. उशिरा दिलंय, पण दिलंय.

आजीचा शब्द होता 'ष्टे'.

आजी बहात्तरच्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून, सांगोल्याच्या बाजूनं, मुंबईला आली. आजोबा गिरणीत बदली कामगार. काम लागलं तर लागलं, नाहीतर गेटवरून परत. दोघांनी फुटपाथवर भिंतीला टेकून खोपटं घातलं. चार बांबू, गोणपाट, प्लास्टिक. माझा बाप तिथंच जन्मला. आजीला सही येत नव्हती, पण इंग्रजीतला हा एक शब्द तिला पक्का माहीत होता. लहानपणी मी विचारलं, "आजे, ष्टे म्हंजे काय गं?" ती म्हणाली, "ष्टे म्हंजे आज न्हाई. उद्याचं उद्या."

कायद्याच्या जाड पुस्तकात स्टेचा अर्थ मी नंतर वाचला. आजीनं सांगितला त्यापेक्षा वेगळा काही निघाला नाही.

*

माणूस फुटपाथवर उगवत नाही. त्याला कुठून तरी उपटून तिथं टाकलेलं असतं. म्हणून आधी जमिनीचं बोलू.

आमच्याकडं हाडकीची जमीन होती. महार वतन. गावाची चाकरी चोवीस तास करायची, मेलेली ढोरं ओढायची, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं, आणि त्याबदल्यात गावाच्या कडेचा एक तुकडा, तोही भावकीत चिंध्या झालेला. बाबासाहेबांनी ओळखलं होतं की ही जमीन नाही, हे दावं आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल आणलं. बिल पास झालं नाही. वतन जायला त्यानंतर तीस वर्षं लागली. कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ चा. त्यात जमीन आधी सरकारजमा करायची आणि कब्जेहक्काची रक्कम भरली की वतनदाराला परत द्यायची, असं ठरलं. कागदावर चांगलं दिसतं. पण ज्याच्या घरात मिठाला पैसा नाही त्यानं रक्कम कुठून भरायची? माझ्या पणजोबानं ती कर्ज काढून भरली. कर्ज देणारा गावचा मोठा माणूस. जमीन पणजोबाच्या नावावर आली आणि नांगर त्या मोठ्या माणसाचा चालू झाला. सातबारा आमच्याकडं, ज्वारी त्याच्याकडं. गावोगाव हीच गोष्ट थोड्या फरकानं ऐकायला मिळते.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं तेव्हाच शेती सरकारच्या मालकीची करा, ती गावातल्या लोकांना जात न बघता सामुदायिक पद्धतीनं कसायला द्या, असं मांडलं होतं. ते घटनेत आलं नाही. आलं ते वेगळंच. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत बसला. आणि घटना लागू होऊन वर्ष-दीड वर्ष होतंय तोवर कोर्टात पहिले कोण उभे राहिले? जमीनदार. दरभंग्याच्या महाराजांनी बिहारच्या जमीन सुधारणा कायद्याला आव्हान दिलं आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टानं तो कायदा रद्द केला. जूनमध्ये संसदेला पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. नवव्या परिशिष्टाची पेटी तेव्हा बनली. जमिनीचे कायदे त्या पेटीत टाकायचे, म्हणजे मूलभूत हक्काच्या नावानं कोर्टाला ते मोडता येणार नाहीत.

मित्रा, इथं तुझा राग मला समजतो. सार्वभौम देशाच्या कोर्टाचं दार पहिल्यांदा जोरात वाजवलं ते महाराजाच्या हातानं. भूमिहीनाचा हात तिथवर पोचलाच नव्हता.

भूमिहीनाचा हात पोचला तो रस्त्यावर. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मग डिसेंबर १९६४ पासून देशभर. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, संसदेत बाबासाहेबांचं चित्र लावा, अशा मागण्या होत्या. लाखांच्या संख्येनं माणसं तुरुंगात गेली. बाया लेकरं काखेला मारून गेल्या. तुरुंग भरले. सरकारला बोलणी करावी लागली. महाराष्ट्रात पुढं गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचे आदेश निघाले, एक १९७८ साली, दुसरा १९९१ साली. दुसऱ्याची मर्यादा १४ एप्रिल १९९०. बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख! त्या दिवसापर्यंत तू गायरान कसत असशील तर ते तुझं. पण पुरावा काय? तलाठ्याच्या १-ई रजिस्टरला अतिक्रमण करणारा म्हणून तुझं नाव पाहिजे, नाहीतर दंडाची पावती पाहिजे. म्हणजे आधी गुन्हेगार म्हणून नोंद हवी, तरच मालक होता येतं. तलाठ्यानं रागानं, आकसानं नाव लिहिलंच नसेल तर गुन्हाही नाही आणि जमीनही नाही.

ही तारखेची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं मुंबईतही हीच तारीख भेटणार आहे.

*

आता कोर्टाच्या स्वातंत्र्याकडं येतो.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. पंजाबातलं पाचेकशे एकरांचं कुटुंब. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मूलभूत हक्कांना संसदेनं हात लावायचा नाही. मग केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमीन सुधारणेच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. तेरा न्यायाधीश बसले. २४ एप्रिल १९७३ ला निकाल आला. सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. आणि लगेच दुसऱ्या दिवशी सरकारनं तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना बाजूला सारून चौथ्याला सरन्यायाधीश केलं. शेलत, हेगडे, ग्रोव्हर बाजूला, ए. एन. रे खुर्चीवर. तिघांनी राजीनामे दिले.

देशातले मोठे वकील, संपादक रस्त्यावर आले. न्यायालयाचं स्वातंत्र्य धोक्यात आलं म्हणाले. खरंच आलं होतं. पण आपल्या वस्तीतल्या माणसाला काय वाटलं असेल? मठाची जमीन, महाराजाची जमीन, पाचशे एकरवाल्याची जमीन. त्यांचं आणि सरकारचं भांडण. आपण कुठं आहोत त्यात?

तीन वर्षांत कळलं कुठं आहोत ते.

आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणीत माणसाला बेकायदा पकडून ठेवलं तरी त्याला कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची पाळी असताना त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या निकालाला महिनाही झाला नव्हता. मे १९७६ मध्ये मुंबईत ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्राशेजारची जनता कॉलनी उठवली. सत्तर हजारांच्या घरात माणसं. पोलिसांचा वेढा घालून वस्ती मोकळी केली आणि माणसं नेऊन टाकली तिकडं, जिथं आज चिता कॅम्प आहे. जॉकिन अर्पुथम त्या वस्तीचे पुढारी. त्यांनी वस्तीसाठी वर्षानुवर्षं झगडा दिला होता. दिल्लीत त्याच काळात तुर्कमान गेटला बुलडोझर गेले, गोळ्या चालल्या.

म्हणून मी म्हणतो, कोर्टाची मान वाकवली जाते तेव्हा पहिला वार मठावर पडत नाही. मठाला भिंती आहेत. वार पडतो तो ज्याला दारच नाही त्याच्यावर.

*

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरची आणि झोपड्यांतली माणसं उचलायची आणि आपापल्या गावी पाठवून द्यायची. भर पावसाळ्यात. आपापलं गाव! गावात जमीन असती तर माणूस गटाराच्या कडेला भाकरी भाजायला आला असता का?

लोक हायकोर्टात गेले. हायकोर्टानं २१ जुलैपर्यंत मनाई दिली. त्या दिवशी सरकारपक्षानं कबूल केलं की १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या तोडणार नाही. आणि २३ जुलैला विलेपार्ल्याजवळच्या कामराज नगरातल्या माणसांना एसटीच्या गाड्यांत कोंबलं. त्या प्रवासात दोन लेकरं जन्मली आणि दोन मेली, असं अर्जदारांचं म्हणणं निकालात नोंदलेलं आहे. मी ते वाक्य वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढं वाचवलं नाही.

पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांच्या संघटना आणि खुद्द फुटपाथवरची माणसं सुप्रीम कोर्टात गेली. त्यांच्यात एक भूमिहीन मजूर होता, तमिळनाडूतल्या सेलमचा. १९६१ मध्ये दुष्काळामुळं निघालेला. मुंबईत रोज २३ रुपयांची मजुरी. हमरस्त्याच्या फुटपाथवर प्लास्टिक-कॅनव्हासचं खोपटं मिळवायला त्यानं तिथल्या दादाला २५०० रुपये मोजलेले. मी हिशेब केला. जवळजवळ १०९ दिवसांची मजुरी, न खाता न पिता. लोक म्हणतात फुटपाथवाले फुकटे. इथं फुटपाथसुद्धा विकत घ्यावा लागतो. त्याचं खोपटं २३ जुलैला तोडलं, त्याला बायकोपोरींसकट बसमध्ये घालून सेलमला पाठवलं. बायको-पोरी तिकडं राहिल्या. तो परत आला, पुन्हा फुटपाथवर. कारण काम इथं होतं.

सुप्रीम कोर्टात प्रकरण चालू असेपर्यंत पाडापाडी थांबली. हाच आजीचा ष्टे. आजी अर्जदार नव्हती. तिला कोर्टाचं नाव माहीत नव्हतं. पण वस्तीत बातमी आली आणि आजोबांनी प्लास्टिक पुन्हा बांधलं.

पुढं सहा महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटच्या परमिटांच्या आणि देणग्यांच्या प्रकरणात हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी अंतुल्यांविरुद्ध निकाल दिला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. त्याच महिन्यात, १८ तारखेला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आजोबा त्यात. पगार गेला, भांडी गेली, आजीच्या गळ्यातली डोरल्याची वाटी गेली. खोपटं मात्र राहिलं. ते त्या काळात गेलं असतं तर आम्ही कुठं असतो याचा विचार बापानं कधी केला नाही, करवत नाही म्हणतो.

एक्याऐंशीचा अर्धा पावसाळा आणि पुढचे चार. एवढ्या काळात बाप चालायला लागला, बोलायला लागला, म्युनिसिपाल्टीच्या शाळेत जायला लागला. जमिनीचा एक इंचही न मिळता. नुसत्या 'आज न्हाई'वर.

*

निकाल लागला १० जुलै १९८५ ला. पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. पुण्याचे. दुसऱ्या दिवशी निवृत्त झाले. आणीबाणीतल्या त्या चौघांत हेही होते. १९७६ मध्ये ज्या माणसानं जगण्याच्या हक्काचं दार बंद करायला सही केली, त्याच माणसानं जाताजाता त्याच कलम २१ चं दार इतकं रुंद उघडलं की त्यातून पोटाचा प्रश्न आत गेला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं त्यांनी लिहिलं. घर पाडलं की माणसाचं काम जातं, काम गेलं की जगणं जातं, हे आपल्या आज्यांना माहीत असलेलं सत्य पहिल्यांदा देशाच्या सर्वोच्च कोर्टानं कबूल केलं.

आणखीही चांगलं आहे त्यात. सरकारपक्ष म्हणाला, या लोकांनी हायकोर्टात कबूल केलंय की फुटपाथवर झोपडी बांधायचा आम्हाला हक्क नाही. आता उलटता येणार नाही. कोर्ट म्हणालं, माणसाला आपला मूलभूत हक्क सोडून देता येत नाही, घटनेपुढं असली कबुली चालत नाही. शिवाय ही माणसं गुन्हा करायच्या इराद्यानं तिथं बसलेली नाहीत, नाइलाजानं बसली आहेत, हेही मान्य केलं.

आणि मग हुकूम. हुकूम असा की फुटपाथ चालण्यासाठी आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४, ज्यात आयुक्ताला नोटीस न देता अतिक्रमण काढता येतं, ते वैध. एरवी नोटीस द्यावी, ऐकून घ्यावं, हे खरं. पण यांचं म्हणणं आता आम्हीच सविस्तर ऐकलंय, तेव्हा वेगळं ऐकायची गरज नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हात लावू नका. त्यानंतर मोकळीक. ज्यांच्याकडं १९७६ च्या मोजणीचं ओळखपत्र आहे त्यांना दुसरीकडं जागा द्या, पण जागा दिल्याशिवाय हटवायचं नाही अशी अट नाही.

म्हणजे पोटाचा हक्क मिळाला आणि पोट जिथं टेकायचं ती जागा गेली. विधीच्या कॉलेजांत हा निकाल शिकवतात. पोरं पाठ करतात, ओल्गा टेलिस, उपजीविकेचा हक्क. माणसं हटवली की ठेवली, हे विचारलं तर बरेच गडबडतात.

आजीकडं १९७६ चं कार्ड नव्हतं. जानेवारीत मोजणी झाली तेव्हा ती सासऱ्याच्या मातीला गावाला गेली होती. आजोबा गिरणीच्या गेटवर. खोपट्यात कुणी नव्हतं, म्हणून खोपटंच नव्हतं. मी तिला विचारलं होतं, शेजाऱ्यानं सांगितलं नाही का? ती म्हणाली, "सांगितलं की. त्यो मोजणीवाला म्हनला, माणूस दाव."

पुढच्या वर्षी गाडी आली. या वेळी ष्टे नव्हता. दोन महिने इकडंतिकडं काढून ती दोघं भिवंडीला आली. संपानंतर मुंबईचं कापड भिवंडीच्या लूमांवर गेलं होतं, कापडामागं माणसंही आली. म्हणून मी आज इथं लूमवर आहे.

*

त्या घटनापीठावर न्यायमूर्ती ए. वरदराजन होते. सुप्रीम कोर्टात पोचलेले अनुसूचित जातीतले पहिले न्यायाधीश, डिसेंबर १९८० मध्ये नेमलेले. हे कळलं तेव्हा मला आधी अभिमान वाटला, मग पोटात कसंतरी झालं. निकालाशी तेही सहमत होते. मी त्यांना दोष देत नाही. पाचातले एक. पुस्तक १८८८ चं. पण आपल्याला वाटतं ना, आपला एक माणूस वर बसला की झालं? ते एवढं सोपं नाही.

पुढची चाळीस वर्षं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २००० मध्ये दिल्लीच्या कचऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणं. १९८५ मध्ये आपण नाइलाजानं बसलेले होतो, पंधरा वर्षांत खिसेकापू झालो. त्या काळात कोर्टाला कुणी वाकवलं नव्हतं, न्यायाधीशांच्या नेमणुका १९९३ पासून न्यायाधीशांच्याच हातात होत्या. तरी हे झालं. मुंबईत झोपडीला संरक्षण देणारी तारीख १९७६ वरून सरकत सरकत १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० वर गेली. दर निवडणुकीला माणूस कालचा की आजचा यावर त्याचा हक्क ठरायचा. जानेवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायचा देशभर हुकूम दिला. सरकारी आदेशानं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींना त्यात सवलत ठेवली. पण ज्याचं नाव तलाठ्यानं लिहिलंच नाही तो त्या सवलतीत कसा बसणार?

ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आणीबाणीतला तो निकाल चूक ठरवला. त्यातला प्रमुख निकाल लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड. बापाची चूक मुलानं पुसली. चांगलं झालं. एकेचाळीस वर्षं लागली. जनता कॉलनी कुणी परत बसवली नाही.

आणि १३ नोव्हेंबर २०२४. बुलडोझरचा निकाल. उत्तरेकडं आरोपीचं घर रातोरात पाडायची पद्धत पडली होती. खटला नाही, शिक्षा नाही, सरळ भिंत. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी सांगितलं की सरकारनं न्यायाधीश व्हायचं नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्या, ऐकून घ्या, आणि नियम मोडून घर पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई घ्या. गवई म्हणजे अमरावतीचे, रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई यांचे चिरंजीव. मे ते नोव्हेंबर २०२५ सरन्यायाधीश होते. निकाल वाचून मी लूम बंद करून नाचावं असं वाटलं. मग खालचं वाचलं. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेची कड, नदी-तलाव, अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे नियम लागू नाहीत.

फुटपाथ पुन्हा बाहेर. १९८५ ला बाहेर, २०२४ ला बाहेर. न्यायाधीश फुटपाथवरून चालतो, म्हणून त्याच्या पुस्तकात ती चालायची जागा आहे. आजी तिथं बाळंत झाली, म्हणून तिच्या पुस्तकात ती घराची जागा. हे दुसरं पुस्तक कोर्टात अजून दाखल झालेलं नाही.

*

आता उत्तर.

पहिल्या मित्रा, कोर्ट त्यांचं हे तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. पण मंत्र्याच्या तोंडावर 'आज नाही' म्हणणारं कोर्ट नसतं तर माझा बाप तीन-चार वर्षांचा असताना बसमध्ये कोंबला गेला असता. जानेवारी २०२३ मध्ये हल्द्वानीत रेल्वेच्या जागेवरच्या हजारो घरांना सात दिवसांची मुदत मिळाली होती, सुप्रीम कोर्टानं ती पाडापाडी थांबवली. थंडीच्या दिवसांत. ते 'आज नाही' काय भावाचं आहे, हे त्या घरांतल्या बायांना विचार. मंत्र्याच्या खिशातलं कोर्ट 'आज नाही' म्हणू शकत नाही. म्हणून न्यायाधीशांच्या डोक्यावरून खुर्च्या फिरवल्या जातात तेव्हा ते आपलंही भांडण असतं. श्रीमंताला कोर्ट वाकलं तर दुसरा रस्ता सापडतो. आपल्याला फक्त गाडी येते.

दुसऱ्या मित्रा, कोर्ट राखणदार, हे मला मान्य. पण राखणदार पेरत नाही. राखायला आधी शेत लागतं. वतनाचा कायदा, गायरानाचे आदेश, झोपडीची तारीख, यातलं काहीही कोर्टानं आपणहून दिलेलं नाही. ते बिलातून, सत्याग्रहातून, भरलेल्या तुरुंगातून आलं. कोर्टानं वेळ दिला. त्या वेळात आपण काय केलं, हा प्रश्न आपल्याला आहे. एक्याऐंशी ते पंच्याऐंशी आपल्या हातात सव्वाचार वर्षं होती. त्या वर्षांत आपल्या गटांचे किती तुकडे झाले ते मी इथं लिहीत बसत नाही. तुम्हाला माहीत आहे.

आणि कोर्टाचं स्वातंत्र्य नुसतं मंत्र्यापासून असून भागत नाही. १८८८ च्या पुस्तकापासूनही पाहिजे. फुटपाथवर झोपणाऱ्याकडं चालणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायच्या सवयीपासूनही पाहिजे. तोवर आपल्याला मिळेल ती तारीख. तारखेवर आपण जगलो, तारखेनंच आपल्याला उठवलं.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. आजी गेल्यावर ती उघडली. तिच्यात रेशनकार्ड, बापाचा शाळेचा दाखला, पणजोबाच्या जमिनीचा पिवळा पडलेला सातबारा आणि कसल्यातरी दंडाची एक पावती निघाली. पावतीवरची शाई उडालीय. कुठल्या सालची, कुठल्या जागेची, वाचता येत नाही. बाप म्हणाला, टाकून दे. मी टाकली नाही. वकिलाला दाखवायची आहे. पुढच्या सोमवारी जाणार आहे. तुमच्याही घरी अशा पेट्या असतील. उघडून बघा, आणि जे निघेल ते मंडळात घेऊन या.